अंबिकाकाकू थुंकत नाही

माझी अंबिकाकाकू सदर बाजारातल्या शाळेतून निवृत्त झाली आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी छावणीतल्या एका बंगल्यात जुनी रेड वाइन चाखायला जाऊ लागली. सोबत दोन निवृत्त कर्नल आणि एक दातांच्या डॉक्टरीणबाई. बाटल्या तीस-तीस वर्षांच्या. लिंबाचं लोणचं किती वर्षं मुरलंय ते नुसत्या वासावरून ओळखणारी काकू तिथंही सगळ्यांच्या आधी सांगायची, ही अजून जिवंत आहे, ही मेली.

चोरून गेली असती तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण ती भर बाजारात ऑटो थांबवून खणखणीत आवाजात सांगायची, "भैया, कर्नलसाहब के बंगले चलो." झाशीत मराठी घरं ती किती! गणपतीच्या आरतीला बायका तिच्यापासून दोन हात लांब उभ्या राहू लागल्या.

शेवटी माझे बाबा, म्हणजे तिचे धाकटे दीर, मला घेऊन तिच्याकडे गेले. "वहिनी, मी सगळ्यांना सांगितलंय, तिथं वाइन पीत नाहीत, तोंडात घोळवून थुंकून टाकतात. तुम्हीही एवढंच म्हणा. विषय संपला."

"थुंकतात, खरं आहे," काकू म्हणाली. "त्यासाठी पितळी भांडंही ठेवलेलं असतं. मी नाही थुंकत."

"अहो, पण का?"

"लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं, या घरात तोंडात घेतलेलं टाकायचं नाही. चाळीस वर्षं पाळलंय, भाऊजी. आता तुमच्या आईचा शब्द मोडू?"