किल्ली फिरवायचा हात

कुलूपवाला भलताच संशयी. बायकोने चहात साखर जास्त घातली तरी विचारायचा, "काय काम काढलंस?" बरं, धंदाच तसा. जो चौकशा करतो तो चोर, एवढंच तो तीस वर्षांत शिकला होता. दुकानाची दुसरी किल्ली त्याने बायकोलासुद्धा कधी दिली नाही. ती किल्ली कायम त्याच्या गळ्यात.

गेल्या वर्षी स्कूटरवरून पडून त्याचा उजवा हात मोडला. जखम चिघळली, पू झाला, आणि कोपरापासून मनगटापर्यंत जाणाऱ्या दोन हाडांपैकी एकाचा बोटभर तुकडा काढावा लागला. तेव्हापासून किल्ली धरली की हात मध्येच लचकायचा. दुकान जवळजवळ बंदच.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन हाडं जोडून एकच करू. हात भक्कम होईल, पण पंजा उलटासुलटा फिरणार नाही. जसा बसवू तसा जन्मभर राहील. म्हणून विचारते, या हाताने काम काय करता?"

झालं! हिला कशाला नसत्या पंचायती? "कारकून आहे. लिहितो," त्याने ठोकून दिलं.

"मग तळवा खाली ठेवू," म्हणत बाईंनी तसंच प्लास्टर घातलं. "दहा दिवस काम करून बघा. जमलं तरच ऑपरेशन."

"टोलवतेय आपल्याला," तो घरी येऊन पुटपुटला.

तिसऱ्या दिवशी त्याने दुकानाच्या दारात बसवलेल्या कुलपाला किल्ली लावायला घेतली. भोक उभं आणि हातातली किल्ली आडवी! अख्खं अंग वाकडं केलं तरी ती आत शिरेना. "बाईने डाव साधला! कारकून म्हटलं तर हात असा बांधला!" तो ओरडला.

"बाईने?" सोबत आलेली बायको भडकली. "तुम्ही कारकून कधी झालात हो? जन्मभर हात असाच राहिला असता, कळतंय का?" आणि ती रडायलाच लागली.

"बाई, मी कुलूपवाला. खोटं बोललो," दुसऱ्या दिवशी त्याने कबूल केलं.

"अहो, ऑपरेशननंतर सांगितलं असतंत तर मी काय करणार होते?" बाई चांगल्याच चिडल्या. त्यांनी प्लास्टर कापलं आणि अंगठा वर ठेवून नवं घातलं. मग आपल्या टेबलाच्या खणाची किल्ली सरळ त्याच्या हातात ठेवली. "उघडून दाखवा."

अशी कशी ही बाई, तो चक्रावला. परक्याला किल्ली देते! किल्ली उभी शिरली. त्याने कोपर बाहेर काढून खांदा उचलला, तशी ती फिरली.

ऑपरेशनच्या दिवशी नर्सने गळ्यातलं काढायला सांगितलं. त्याने किल्ली बायकोच्या हातात दिली आणि तिची मूठ मिटली.

शुद्धीवर येताच त्याने डाव्या हाताने आधी गळा चाचपला, मग उजवा हात बघितला. अंगठा वरच होता.

"दुकान उघडलं होतंस?" दुसऱ्या दिवशी त्याने बायकोला विचारलं.

"हो. झाडूनही घेतलं."

"काही हलवलं नाहीस ना?"

"हलवलं की. सगळंच."

त्याचा डावा हात पुन्हा गळ्याकडे गेला. किल्ली मात्र त्याने परत मागितली नाही.