पट्टीखालचं बटण

आमच्या गावाकडे कुठलीही गोष्ट हळू चालली की पहिला संशय लाइटवर. पंखा रेंगाळला, चक्की मंदावली, विहिरीवरची मोटार कण्हायला लागली, की लाइट कमी आहे. मोटार जळण्याची भीती तर घरातल्या माणसासारखी आमच्यात राहायची. एका उन्हाळ्यात आमची मोटार जळाली तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती गोणपाटात बांधून एसटीच्या टपावर टाकली आणि रिवाइंडिंगला धुळ्याला नेली. ती परत येईपर्यंत कपाशीने माना टाकल्या होत्या. तेव्हापासून नानांनी पंपाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला नाही. अर्धाच. पाणी कमी येईल, पण मोटारीवर लोड नको. हे अर्ध्या व्हॉल्व्हचं शहाणपण माझ्या हाडात मुरलं, आणि त्याचा भुर्दंड माझ्या बहिणीला बसला.

आमच्या सबंध भावकीत कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. हे मी आजही ताठ मानेने सांगतो. बी.एस्सी. झालो, नाशिकला सहा महिने राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि जळगावात मेहरूणच्या बाजूला दोन खोल्या घेऊन क्लास काढला. नव्वदनंतरची ती वर्षं. क्लासच्या पाटीवर माझ्या नावापेक्षा 'बी.एस्सी.' ठळक रंगवून घेतलं होतं. नाना पहिल्यांदा आले तेव्हा त्या पाटीकडे बराच वेळ बघत उभे राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं. पण कुठलं अक्षर मोठं आहे ते कळत होतं.

क्लासमध्ये तीन मशिनं होती. बसवायला आलेल्या माणसाला भुसावळला जाऊन गाडी पकडायची होती, त्यामुळे तो घाईत होता. डब्याच्या पुढच्या बाजूला एक चौकोनी बटण होतं. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "ये टर्बो है सर, इससे स्पीड बढ़ती है," आणि बॅग उचलून गेला. बटणाशेजारी लाल आकडा दिसायचा. बटण बाहेर असलं की ८, आत दाबलं की ३३.

नाना त्या दिवशी तिथेच होते. मशिनच्या मागे हात धरून त्यांनी गरम वारा तपासला. "हाई तपस का रे?"

"तापते थोडी."

"मंग हळू चालाव. मोटार जळी जाई."

मी हसलो नाही. मला ते पटलं. आठावर काम होतंय ना, मग तेहतीसचा लोड कशाला? तिन्ही मशिनांची बटणं मी बाहेर ठेवली, वर कागदाची पट्टी चिकटवली, 'हात लावू नये' असं लिहिलं आणि खाली सही केली. एवढं भौतिकशास्त्र शिकलेला माणूस मी. पंपाची मोटार आणि कॉम्प्युटर यांत फरक असतो, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी पूर्ण मार्क घेतले असते.

रविवारी मी विद्यार्थ्यांना गेम खेळू द्यायचो. गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता. रस्त्यावर आपली एकटी गाडी असली की ती बरी चालायची, पण समोर चार-पाच गाड्या आल्या की चित्र अडखळायचं. गाडी पळण्याऐवजी एकेक फोटो दाखवल्यासारखी पुढे सरकायची.

"सर, गाडी झटके देतीये."

"तुझं डोकं झटके देतंय. ब्रेक कमी दाब."

"सर, भुसावळला माझ्या मामांकडे हीच गाडी लोण्यासारखी पळते."

"मग भुसावळलाच क्लास लाव."

सगळे हसायचे. मीही हसायचो. पण पोरगा खरं बोलत होता.

मला उत्तर येत नव्हतं असं नाही. अर्धं येत होतं, आणि अर्धं येणं जास्त वाईट. टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालायचा एक गेमही मी आणला होता. त्यातसुद्धा विमानावर एकदम दहा-बारा शत्रू आले की सगळं मंद व्हायचं आणि गोळ्या लुकलुकायच्या. मी फळ्यावर समजावून सांगायचो, "मशीनला हात एकच आहे. एका हाताने ती एकेक वस्तू उचलते आणि ठेवते. वस्तू वाढल्या की वेळ लागणारच. दोष मशीनचा नाही, गर्दी करणाऱ्याचा आहे." पोरं वहीत लिहून घ्यायची. हे वाक्य मला फार आवडायचं.

माझी धाकटी बहीण तेव्हा धुळ्याला हॉस्टेलवर राहून बारावी सायन्स करत होती. तिच्या कॉलेजात एका खोलीत दोन जुनी मशिनं होती, माझ्यापेक्षाही जुनी, पंख्याऐवजी खिडकी उघडी ठेवून चालणारी. तिथल्या सरांनी तिला बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकवली आणि तिने स्वतः एक गेम लिहिला. वरून कापसाची बोंडं पडतात, खाली टोपली डावी-उजवीकडे सरकवून ती झेलायची. बोंडं म्हणजे नुसतं गोल अक्षर, टोपली म्हणजे तीन रेघा. बस्स. पण तो तिने कुठून बघून उतरवला नव्हता.

तिला बारावीनंतर कॉम्प्युटरच्याच डिग्रीला जायचं होतं. नानांचं मन डी.एड.कडे होतं. शिक्षिका होईल, गावाजवळ राहील. पण त्यांनी हट्ट धरला नाही. ते म्हणाले, "माले काय समजस? भाऊ शिकेल शे. तो सांगी तसं." म्हणजे तिचं पुढे काय, हे माझ्या तोंडावर ठरणार होतं. हे तिला माहीत होतं, मलाही.

मे महिन्यात परीक्षा संपल्यावर ती आणि नाना जळगावला आले. गेमची फ्लॉपी तिने जेवणाच्या स्टीलच्या डब्यात घालून, तो डबा साडीच्या तुकड्यात गुंडाळून धुळ्याहून आणली होती. दुपारची वेळ, बॅच सुटलेली. नाना प्लास्टिकच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसले. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो, पण क्लासमध्ये मी तिला शुद्ध बोलायला लावायचो. म्हणून ती अवघडून म्हणाली, "भाऊ, सुरू करू?"

पहिली दोन-तीन बोंडं संथ उतरली. मग ती वाढत गेली आणि चित्र अडकायला लागलं. बोंड अर्ध्या वाटेत थांबायचं, मग एकदम चार ओळी खाली दिसायचं. टोपलीचं बटण दाबलं तरी टोपली हलायची नाही, आणि मग सुटल्यासारखी पार कडेला जायची. वीस बोंडं झाली तेव्हा सगळा पडदा गाळात रुतलेल्या बैलगाडीसारखा झाला.

नाना म्हणाले, "हाई असंच शे का?"

"नाही नाना," ती म्हणाली. "धुळ्याला सरसर पडतात. वीसच्या वीस." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, तिथलं मशीन तर जुनं आहे. हे नवीन. मग इथे हळू का?"

प्रश्न सरळ होता. त्याचं खरं उत्तर 'मला माहीत नाही' एवढंच होतं. पण नाना समोर बसले होते, बाहेर ती पाटी होती. आणि ती माझी लहान बहीण, माझ्याच मशीनवर मला प्रश्न विचारत होती. मी म्हणालो, "जुनी मशिनं चुका खपवून घेतात. नवीन मशीन कडक असते. तुझा प्रोग्राम जड झालाय. एका हाताला किती काम देशील? गर्दी केलीस."

तिने पडद्याकडे बघितलं. मग खाली त्या लाल आठाकडे. तिचं बोट कागदाच्या पट्टीवर गेलं. "याच्याखाली काय आहे?"

"हात लावू नको म्हटलंय ना! वाचता येत नाही का?"

तिने बोट मागे घेतलं. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त ते बोटच आठवतं. पट्टीचं एक टोक सुटलेलं होतं. ते बोट अजून अर्धा इंच पुढे गेलं असतं तरी पुरलं असतं.

नानांनी मला विचारलं, "मंग? काय करानं?"

मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "आवड आहे तिला. पण आवड वेगळी आणि डोकं वेगळं. डी.एड. बरं."

तिने फ्लॉपी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "राहू दे तुझ्याकडे. मला आता काय करायची," एवढंच म्हणाली. जाताना रिकामा डबा तेवढा बरोबर घेतला.

चार-पाच वर्षांनी एका मशीनचा आतला पंखा आवाज करायला लागला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. पंखा साफ करून झाल्यावर त्याने ओल्या फडक्याने डबा पुसला आणि त्याबरोबर माझी सहीवाली पट्टीही निघाली. त्याने सहज बटण दाबलं. आठाचे तेहतीस झाले.

"सर, तुम्ही आठवर चालवत होता?"

"लोड नको म्हणून. जळेल म्हणून."

तो आधी हसला, मग माझं तोंड बघून त्याने फडकं खाली ठेवलं. "सर, ही तेहतीसवरच चालायची असते. आठ फक्त जुन्या प्रोग्रामसाठी. जे फार पळतात त्यांना आवरायला."

तो गेल्यावर मी दार लावलं. कपाटातून फ्लॉपी काढली. ती उघडेल की नाही याची धाकधूक होती. उघडली. बोंडं इतक्या वेगाने पडली की मला एकही झेलता आलं नाही. पण एकही अडकलं नाही. वीसच्या वीस, पावसासारखी. मी बटण बाहेर काढलं, पुन्हा आत दाबलं. आठ, तेहतीस, आठ, तेहतीस. प्रत्येक वेळी प्रोग्राम तोच, एक अक्षर बदललेलं नाही.

तोवर बहीण धुळ्याच्या बाजूच्या एका खेड्यात शाळेवर लागली होती, लग्नही झालं होतं. मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती ओट्यावर पोरांच्या वह्या तपासत होती. मी सगळं सांगितलं. पट्टी, बटण, आठ, तेहतीस. वाटलं होतं चिडेल. चिडावी अशी माझी इच्छा होती.

तिने लाल पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "कितला फरक पडना?"

"चौपट तरी. गेम फार पळायला लागला. झेलता येत नव्हतं."

तिचे ओठ हलत होते, काहीतरी मोजत होती. "मंग मधला थांबाना आकडा मोठा कराना पडता. एकच ओळ. दोन मिनिटनं काम व्हतं, भाऊ."

इतकी वर्षं झाली तरी बोंडाने दर पावलाला किती थांबायचं, ती ओळ तिला पाठ होती. माझ्याकडे तर ती फ्लॉपीच होती, आणि मी ती ओळ कधी वाचलीसुद्धा नव्हती.

"नानांना मी सांगतो," मी म्हणालो.

"सांग," ती म्हणाली. 'राहू दे' म्हणाली नाही. मग पेनाचं टोपण काढून पुढची वही उघडली.

तिथून मी थेट गावाला गेलो. नाना विहिरीवर होते, पंप चालू होता. व्हॉल्व्ह अर्धाच. पंपाच्या आवाजात मला मोठ्याने बोलावं लागलं. मी म्हणालो, नाना, त्या दिवशी तिचं काही चुकलं नव्हतं, मी चुकलो. मशीन मीच बांधून ठेवली होती. तिचं डोकं चांगलं होतं. डी.एड.चं मी उगाच सांगितलं.

नानांनी सगळं ऐकलं. मग मान हलवली. "तू कसा चुकशी? तू शिकेल शे. मशीनच खराब व्हई."

"मशीन खराब नव्हती नाना. मी हळू चालवत होतो."

"मंग बरंच करं ना," ते म्हणाले, आणि मला धीर द्यावा तसा त्यांनी माझ्या पाठीवर ओला हात ठेवला. "जळनी का ती?"

"नाही."

"मंग झायं तर."

मी पुन्हा एकदा सांगून पाहिलं. पण ते पाण्याच्या धारेकडे वळले होते. ज्या पदवीमुळे त्यांनी माझं तेव्हा ऐकलं होतं, त्याच पदवीमुळे आता ऐकत नव्हते. ते मशीन माझ्याकडे अजून चालू होतं, तेहतीसवर, आणि जळत नव्हतं.