वसंताच्या गाडीला रिव्हर्स नव्हता

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी कल्याणहून मुरबाडला येणाऱ्या जीपमध्ये मागे अंग चोरून बसलो होतो. त्याचा पुतण्या एवढंच बोलला, "काकांच्या छातीत कळ आली नि गेले." मी म्हणालो, "बरं." असल्या बातमीला कुणी बरं म्हणतं का? पण तोंडातून तेच गेलं. आमचं बोलणं बंद होऊन चार महिने झाले होते, आणि चूक माझी होती.

वसंता माझा शाळेपासूनचा दोस्त. मुरबाडच्या वेशीवर त्याचं वेल्डिंगचं दुकान, आठवडाभर ग्रिल आणि गेटं करायचा. रविवारी मात्र घरामागची शेड. मोबाइलवर कुठल्याशा वाळवंटात उड्या मारणाऱ्या उघड्याबोडक्या गाड्या बघितल्या आणि गडी पेटला. "अरे, आपल्याकडं वाळू कुठंय?" मी विचारलं. "भात कापल्यावर खाचरं मोकळी असतात का नाय?" झालं! पाण्याचे पाइप वाकवून सांगाडा, भंगारातल्या मोटारीची चाकं, जुन्या मोटारसायकलचं इंजिन आणि सीट एकच. गावानं नाव ठेवलं खेकडा. एक गोष्ट मात्र आम्हा दोघा दीडशहाण्यांच्या डोक्यात आलीच नाही. मोटारसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स नसतो. शेडला दार एक, गाडी तोंड आत करून शिरायची आणि बाहेर काढायला मागून ओढायचो मी. "रिव्हर्स बसव बाबा," म्हटलं की हसायचा. "तू हायस ना रे!"

खाचरातून गाडी उधळायची, कुणाचा तरी बांध ढासळायचा. म्हणून त्यानं सांगाड्याला कुदळ बांधून ठेवली होती. घरी जाण्याआधी प्रत्येक बांध लिंपून, पायानं दाबून, वर पुन्हा थापटून बघायचा. "बांधावरनं भांडण लागलं तर नातवंडांना पुरतं," म्हणायचा. मी कंटाळून झाडाखाली बसायचो. लोकांनी कुरकुर केली, पण आमच्या शेतात येऊ नको असं कुणी सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी कंबर धरली. तरी त्या रविवारी गेलो, ओढायला वाकलो आणि अशी कळ आली की चार लोकांसमोर ओरडलो, "तुझं भंगार ओढायला मी काय बैल हाय?" त्यानं हातमोजे काढून इंजिनावर ठेवले. मी निघून आलो... फोन करायला मला कुणी अडवलं होतं? नुसता ताठा, दुसरं काही नाही.

दिवस झाल्यावर काही आठवड्यांनी गेलो. सुनंदावहिनींनी शेड उघडली आणि समोरून ऊन आलं. मागची भिंत फोडून तिथं नवं लोखंडी दार बसवलेलं, लाल प्रायमर तेवढा मारलेला. गाडीत त्याच्या सीटला लागून दुसरी सीट.

"तुमच्या कंबरेचं लय मनाला लागलं व्हतं ह्यांच्या," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, आता हिकडनं शिरायचं नि तिकडनं निघायचं. ओढायला कोण नको. दाराला रंग मारला का भावोजींना बोलवतो, नुसतं बसायला."

मला रडू आवरेना. जरा वेळानं सांगाडा ओलांडून त्या नव्या सीटवर बसलो. पायाशी कुदळ होती, पात्याला सुकलेली माती.

"चालवता का?" वहिनींनी विचारलं.

"नाय वहिनी. मला बसायलाच बोलावलंय."