ओट्यामागची काच

आमच्या साडूभाऊंइतका माणसाचा अपमान करणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. शिव्या देऊन अपमान कुणालाही करता येतो. हे गृहस्थ तुमच्याशी बोलता बोलता खाली वाकतात, तुमच्या पायाजवळचं ढेकूळ उचलतात, आणि मग तुम्ही तिथे उभे आहात हे त्यांच्या लक्षातच राहत नाही. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान, मूळचे धारूरकडचे, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. माती आणि खडक इमारतीचं ओझं कसं पेलतात, हा त्यांचा विषय. त्यातही सगळा जीव काळ्या मातीवर. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते, हे आमच्याकडच्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. ती नेमकी किती फुगते हे मोजत बसायचा या माणसाला पगार मिळतो, याचा मला पहिल्यापासून संताप यायचा.

जेवायला आले की पंगतीत बसण्याआधी ते स्वयंपाकघरात डोकावतात आणि कणकेचा गोळा मागतात. पाटावर तो वळून वातीएवढा बारीक करतात आणि कुठे तुटतो ते बघत राहतात. ओल्या मातीची परीक्षा अशीच असते म्हणे. एकदा वीस माणसांच्या देखत माझ्या बायकोला म्हणाले, "ताई, पाणी कमी पडलंय." तिच्या पोळ्यांना नाव ठेवायची माझ्या आईचीही हिंमत झाली नव्हती. मातीची परीक्षा तर ते दातांनी करतात. चिमूटभर माती दाढेखाली धरायची, डोळे मिटायचे, आणि कचकच लागते की लोण्यासारखी पसरते यावरून तिची जात सांगायची. वर चहा प्यायचा.

उमापूरहून बीडला येताना एसटीत घडलेलं तर मी मेलो तरी विसरणार नाही. ओल्या पोत्यात गुंडाळलेला, मेणाने तोंड बंद केलेला मातीचा डबा त्यांनी माझ्या जागेवर ठेवला आणि मला उभं केलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, "काय हाय त्यात, लेकरावानी धरलंय?" हे म्हणाले, "माती आहे. जमिनीत होती तशीच प्रयोगशाळेत पोचली पाहिजे." मी म्हणालो, "आणि मी?" तर म्हणाले, "भाऊ, तुम्हाला धक्का लागला तर तुम्ही बदलत नाही." बीडपर्यंत मी दांडीला लटकत आलो.

शाळेतल्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर मी पाटोद्यात घर बांधायला काढलं. भूमिपूजनाला सगळे पाहुणे जमलेले, नारळ फुटला, आणि साडूभाऊंनी पिशवीतून गिरमिट काढून पूजेच्या शेजारीच जमिनीत घुसवलं. भटजी बघतच राहिले. वर आलेली माती दाढेखाली गेली आणि निकाल लागला: पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या, आणि जोत्याच्या आत भराव मुरुमाचाच करा, काळी माती एक घमेलंही नको. पायाचं मी ऐकलं, कारण सगळ्यांदेखत सांगितलं होतं. भरावाच्या वेळी मात्र मिस्त्री म्हणाला, "मास्तर, घरची काळी आई सोडून मुरूम कावून इकत आनायचा?" मलाही तेच वाटत होतं. ज्या मातीवर तीन पिढ्यांनी कापूस काढला, ती आमच्या घराला चालत नाही म्हणजे काय? वावरातून ट्रॉल्या भरून आणल्या आणि जोत्याच्या पोटात भरल्या. साडूभाऊंनी फोनवर विचारलं, "मुरूमच भरला ना?" मी म्हणालो, "मग काय?" खोटं बोललो. अजून सांगताना तोंड कडू होतं.

पहिल्याच पावसाळ्यात स्वयंपाकघराची फरशी ओट्याजवळ वर आली, दार घट्ट बसलं आणि ओट्यामागच्या भिंतीत केसाएवढी चीर पडली. साडूभाऊ दिवाळीला आले. सैल झालेली फरशी उचकटली, चिमूट घेतली, डोळे मिटले. म्हणाले, "ही तुमच्या वावरातली आहे. खालच्या बांधाकडची." मी मान खाली घातली. आता बोलतील, "मी सांगितलं होतं." तेही बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. फक्त म्हणाले, "काढून टाकू." मी नाही म्हणालो. नव्या घराची फरशी उखडायची म्हणजे गावाला तमाशा.

मग त्यांनी चिरेवर आडवी एक काचेची पट्टी चिकटवली. भिंत हलली की काच फुटते. दर दोन-तीन महिन्यांनी यायचे, तडक ओट्यामागे जायचे, काच बघायचे, वहीत लिहायचे, फुटली असली तर नवी लावायचे. तब्येतीची विचारपूस भिंतीची, आमची नाही. बायको म्हणायची, "पाव्हन्यानला पानी तरी विचारा." मी म्हणायचो, "भिंतीला विचार."

असे तीन पावसाळे गेले. त्यानंतरच्या वैशाखात ते आले तेव्हा चिरेत बोट जात होतं, आणि बायको त्याच भिंतीवरच्या फळीवरून डाळींचे डबे खाली उतरवत होती. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. माणसाकडे एवढा वेळ बघताना मी त्यांना प्रथमच पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे फावडं घेऊन हजर. मला विचारलंही नाही. पाच दिवस आम्ही दोघांनी जोत्यातली माती उपसली, मुरूम थराथराने भरला, पाणी मारून धुमसाने ठोकला. माझ्या हातांना फोड आले. "लावा जोर, मास्तर," एवढंच काय ते कौतुक.

पुढे कधीतरी मेहुणीने सांगितलं, "दाजी, त्यांच्या काळ्या मातीच्या सगळ्या संशोधनात तुमचंच घर मुख्य होतं. तीन पावसाळ्यांची मोजमापं झालती, चौथा पायजे होता. त्याबिगर ते छापून येत न्हाई. मी म्हनलं, एक वर्स थांबा. तर म्हनले, ताईच्या डोक्यावर भिंत ठेवून मी थांबू का?"

मला भयंकर राग आला. सांगायचं नाही का माणसाने? मी म्हणालो असतो, राहू द्या अजून एक वर्ष. म्हणालो असतो का, हे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. ज्या माणसाने मातीसाठी मला बसमध्ये उभं केलं, त्याने माझ्या खोट्यासाठी मातीवरचं काम सोडून दिलं, आणि मला आभार मानायची संधीही दिली नाही.

शेवटची काच त्यांनीच लावली. दोन पावसाळे झाले, ती शाबूत आहे. त्यामुळे त्यांना यायचं कारणच उरलेलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. "काच?" "शाबूत." "बरं." आणि फोन बंद. परवा पोळ्याला मी म्हणालो, "नीट कळत नाही हो, बारीक रेघ दिसतीय. येऊन बघता का?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "भाऊ, मुरूम फुगत नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो. "तुम्ही या."

रविवारी येतो म्हणाले. बायकोने कणकेचा एक गोळा वेगळा काढून ठेवायचं ठरवलंय.