हरिदासनं न चाखलेलं चीज

आष्टीजवळच्या त्या गावात हरिदास गवळ्याची एकच ख्याती होती. कुणी कितीही शिताफीनं दुधात पाणी मिसळो, तो दोन बोटांत थेंब चोळायचा आणि सांगून मोकळा व्हायचा. जिभेवर मात्र घ्यायचा नाही. विकायच्या दुधाला गवळ्यानं तोंड लावू नये, ही बापाची शिकवण त्यानं म्हातारपणापर्यंत पाळली, आणि तिचा त्याला भलताच ताठा होता.

गुडघे गेले तशा गवळाऊ जातीच्या गाई विकल्या. पाठोपाठ बायकोचं, कौशल्याचं, हृदय कमजोर निघालं. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, मीठ अगदी कमी, लोणचं-पापड बंद. अळणी वरणाचा पहिला घास घेऊन कौशल्या ताट सरकवायची. दिवसेंदिवस वाळत चालली. "दूध पोटात गेलं पाह्यजे," हा हरिदासचा एकच घोशा. पण पिशवीचं दूध त्याच्या बोटांना पटेना.

एकदा बाजारात दुकानदारानं त्याच्यापुढे चीजच्या स्लाइस ठेवल्या. खोक्यावर दुधानं भरलेला पेला छापलेला. हरिदासनं एका स्लाइसचा कोपरा चोळला. दाट, स्निग्ध, बोटांवरून हटेना.

"हे खरं दूध," तो म्हणाला आणि खोका घेऊन ऐटीत घरी आला.

कौशल्यानं अख्खी स्लाइस खाल्ली. मग तो सकाळ-संध्याकाळ स्लाइस भाकरीत गुंडाळून तिला घास भरवू लागला. आजारी माणसाच्या वाट्याचं, म्हणून स्वतः कणभरही तोंडात टाकलं नाही. बायको जेवते म्हणून गावभर सांगत सुटला. तिचे पाय सुजले तर ह्याला वाटलं, अंग धरतेय. काय म्हणावं या माणसाला!

दम लागून तिला आडवं होता येईना, तेव्हा वर्ध्याच्या दवाखान्यात भरती केलं. तिथंही त्यानं पिशवीतून स्लाइस काढली. डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात धरला.

"बाबा, हे रोज देता?"

"दुधाचंच आहे ना, मॅडम."

"दुधाचं आहे. प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे. पण मीठही भरपूर आहे. त्यानं यांच्या अंगात पाणी साचत गेलं."

बाई पुढच्या खाटेकडे गेल्या. हरिदासनं आयुष्यात पहिल्यांदा ती स्लाइस जिभेवर ठेवली. चांगलीच खारट होती.

"तुले खारट नाई लागलं?" त्यानं कौशल्याला विचारलं.

"लागलं ना. पहिल्याच दिवशी."

"मंग बोलली काऊन नाई?"

ती धापा टाकत हसली. "जलमभर गाईले भरवलं तुमी. मले पहिल्यांदाच भरवून राह्यले होते. बोलली असती तं हात मांगं घेतला असता." थोड्या वेळानं म्हणाली, "आता एक द्या ना."

त्यानं खोका कचऱ्याच्या डब्यात टाकला. अळणी वरणभात कालवून घास पुढे केला. नवऱ्याच्या हातचा म्हणून तिनं तोंड उघडलं, पण घास तसाच गालात राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

आता हरिदास कुणाच्या दुधाला बोट लावत नाही. कुणी समजूत घालायला आलं, तर ऐकून घेतो आणि दर वेळी तेच म्हणतो, "जाणारच होती ना ते. मंग तेवढी एक द्याले पाह्यजे होती."