वेल काय सिग्नल बघतो?

आमच्या शेजारचे ड्रायव्हरकाका म्हणजे एक वल्लीच! जन्मभर बस चालवली आणि रिटायर झाल्यावर अंगणात भाजी लावली. घरात खाणारं तोंड एकच, पण वांगी अशी लावायचे की अख्ख्या गल्लीला पुरावीत. मग एकेकाच्या कडीला पिशवी अडकवायची, बेल दाबायची आणि पसार व्हायचं. कुणी आभार मानायला गेलं की खेकसायचे, "माझ्याकडे सडलीच असती!"

सगळे घ्यायचे, फक्त आमचे हे सोडून. कारखाना बंद पडला, यांची नोकरी गेली, घर माझ्या शिलाई मशीनवर आलं, तरी नाकावर माशी बसू देतील तर शपथ! काकांची पिशवी आली की तशीच परत. "कीव करतात आपली," म्हणायचे. आणि मुलीला पुरावं म्हणून स्वतः अर्धपोटी उठायचे. वर "भूक नाही" ही थाप. माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा. सुंभ जळला तरी पीळ जाईल तर ना!

मग काकांच्या दोडक्याचा वेल भिंतीवरून आमच्याकडे उतरला. हे तावातावाने "वेल मागे घ्या" म्हणून सांगायला गेले.

"वेल काय सिग्नल बघतो?" काका म्हणाले. "तुमच्या हद्दीत आला, दोडके तुमचे. तुमचे पेरू माझ्याकडे पडतात, ते मी खातोच की!"

ते यांना पटलं. हक्काची भाजी! रोज स्वतः तोडून आणायचे, पोटभर जेवायचे. मुलगी मात्र कुरकुरायची, "आई, आता मीच दोडका होणार."

परवा सकाळी मी कपडे वाळत घालायला मागे गेले, तर काका स्टुलावर चढलेले. स्वतःच्या मांडवावरचे कोवळे शेंडे सोडवून, सुतळी लावून आमच्याकडे वळवत होते. त्यांचा मांडव जवळजवळ रिकामा झाला होता. माझे डोळे भरून आले. वळून बघते तर हे दारात उभे, सगळं पाहत.

संपलं! आता हा माणूस वेल उपटून पलीकडे फेकणार आणि पुन्हा अर्धपोटी उठणार.

हे भिंतीपाशी गेले. चोरी पकडल्यासारखे काका स्टुलावरच थिजले.

यांनी हात वर केला.

"काका," हे म्हणाले, "सुतळीचं टोक द्या इकडे. मी बांधतो."