लाइट धरणारी

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला कुणी कलावंत म्हणत नाही, आणि शूटिंगकाकांनी तशी अपेक्षाही कधी ठेवली नव्हती. त्यांच्या धंद्याचा नियम सोपा होता: जो जो लग्नाला आला, तो तो कॅसेटमध्ये दिसला पाहिजे. नवरीचे मामा दिसले आणि आत्या राहिली, की आत्या जन्मभराचा अबोला धरणार आणि खापर फुटणार शूटिंगवाल्याच्या डोक्यावर. त्यामुळे काकांची कॅसेट म्हणजे मारुतीचं शेपूट! माणसं जेवतायत, हात धुतायत, हात पुसतायत, सगळं आलं पाहिजे. काही म्हणता काही कापायचं नाही. तीन-तीन तासांची ती गुऱ्हाळं लोक एकदा बघायचे आणि कपाटात ठेवून द्यायचे.

या सगळ्या लग्नांत काकांच्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागे, लाइट धरून त्यांची बायको उभी असायची. सुरुवातीला पोरगा ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून "दोन दिवस धर गं" असं म्हणून काकांनी तिच्या हातात लाइट दिला. ते दोन दिवस काही संपले नाहीत. लाइट जड होता आणि असा तापायचा, की काकूंनी त्याच्या दांड्याला जुन्या टॉवेलचा तुकडा गुंडाळून ठेवला होता. एका हातात लाइट उंच धरायचा, दुसऱ्या हातानं लांबलचक वायर गोळा करत चालायचं, आणि तोंड मात्र मोकळं. त्या मोकळ्या तोंडाचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला.

"अहो आजोबा, नात सासरी चाललीय, युद्धावर नाही! हसा की जरा!"

आजोबा हसायचे. रडवेली पोरं हसायची. दगडासारखा बसलेला नवरदेवसुद्धा दात दाखवायचा. फक्त एक भानगड व्हायची. ही सगळी माणसं कॅमेऱ्याकडे बघायची सोडून काकूंकडे बघून हसायची. काकांचा पारा चढायचा. "नजर चुकली! परत चुकली! तू गप्प राहायचं काय घेशील?" असं ते हळूच करवादायचे, आणि काकू पुढच्या माणसाला हसवायला निघालेल्या असायच्या. असं वाया गेलेलं ज्या कॅसेटवर जास्त, ती काका एका पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकत. पुन्हा वापरायला होईल म्हणून. त्या खोक्याला घरात नाव पडलं होतं, नापास खोकं.

मग काकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवडाही लागला नाही. मोबाइलवर शूटिंग करायचं खूळ घरोघरी पोचायच्या आधीची ही गोष्ट. काकांनी दुसऱ्या कुणाच्या हातात लाइट दिला नाही. लग्नं घ्यायची बंद केली आणि दुकानात बसून लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम धरलं.

काम बरं होतं, पण जीवघेणं होतं. लोक यायचे, काकांच्या शेजारच्या स्टुलावर बसायचे आणि पडद्यावर त्यांची मेलेली माणसं चालायला लागायची. कुणाचे वडील मिशीवर हात फिरवायचे, कुणाची बहीण दारातून आत यायची. गिऱ्हाईक डोळे पुसत म्हणायचं, "काका, तुमचे उपकार झाले." काका मान हलवायचे. गावभरच्या माणसांना जपून ठेवणाऱ्या या माणसाकडे स्वतःच्या बायकोची दोन पावलंसुद्धा नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

फोटो होते, नाही असं नाही. लग्नातला एक, ओळखपत्रावरचा एक, आणि एका सहलीत पाठमोरा. पण फोटोतली बाई मान वळवत नाही. काकूंना वायर गोळा करता करता मध्येच थांबून, मानेला झटका देऊन केस मागे टाकायची सवय होती. काकांना तेवढं एकदा बघायचं होतं. बाकी काही नको होतं.

शेजारच्या दुकानात फोटोंना चौकटी करून देणारा एक गृहस्थ होता. त्याला सगळे फ्रेमवाला म्हणत. माणूस तोंडाळ, पण मनानं चांगला. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत तो पाच-पाच मिनिटांचे लघुपट दाखवायचा. बघायला वीस-पंचवीस डोकी.

"वहिनींवर एक कर," तो एके दिवशी चहा पिता पिता म्हणाला. "मात्र पाच मिनिटांच्या आत."

"पाच मिनिटांत काय डोंबल सांगणार? अख्खा संसार झालाय आमचा!"

"तू तीन-तीन तास घेऊन आजवर काय सांगितलंस, ते आधी सांग."

काकांना राग आला. राग येण्यासारखंच होतं. ते उठून दुकानात गेले, शटर अर्धं ओढलं आणि बऱ्याच वेळानं माळ्यावरून नापास खोकं खाली काढलं. पाच मिनिटांच्या सिनेमाचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. खोक्यात कुठेतरी काकू सापडतील, एवढीच आशा होती.

दुपारमागून दुपार ते एकेक कॅसेट लावून बसले. काकूंची सावली सापडली. भिंतीवर, मांडवातल्या दिव्यानं पडलेली, भलीमोठी, हात वर केलेली. आवाज सापडला आणि काका पहिल्यांदा तो ऐकल्यावर पाणी प्यायला उठले, ते पाणी न पिताच परत आले. गिऱ्हाइकाला द्यायच्या कॅसेटवर ते गाणी चढवत, त्यामुळे तिथे काकूंचा आवाज कधीच पुसला गेला होता. पण चेहरा कुठेच नव्हता. एखादा आरसा, एखादी खिडकीची काच, एखादं चकचकीत भांडं, काका पडद्याला नाक लावून शोधायचे. काही नाही. कशी असणार? लाइट कॅमेऱ्याच्या पुढे येऊ द्यायचा नाही, ही शिस्त काकांनीच लावली होती आणि बाईनं ती मरेपर्यंत पाळली.

खोक्याच्या तळाशी उलटी कॅसेट निघाली.

तिची कथा सांगायलाच हवी. जुन्या कॅमेऱ्यात सुरू करायचं आणि थांबवायचं बटण एकच. एकदा घाईत ते दोनदा दाबलं गेलं, की पुढचं सगळं उलटं. आपल्याला वाटतं शूटिंग चालू आहे तेव्हा ते बंद, आणि बंद केलं म्हणून कॅमेरा खाली सोडला, की तो इमानेइतबारे जमीन टिपतोय! या धंद्यातल्या प्रत्येकाच्या हातून हे एकदा तरी झालेलं असतं, कबूल कुणी करत नाही. एका मोठ्या लग्नात काकांच्या हातून ते झालं. काकू मध्येच म्हणाल्या होत्या, "अहो, चालू असल्याचा तो लाल ठिपका दिसत नाहीये हो." काका म्हणाले, "तू तुझं लाइटचं बघ." शेवटी घोळ उघडा पडला आणि नवरीचे वडील अंगावर धावून आले, तेव्हा काकूच मध्ये पडल्या आणि हसत हसत नवरानवरीला म्हणाल्या, "चला, परत एकदा लग्न करा! पहिल्यांदा नीट जमलं की नाही, कुणास ठाऊक." सगळे हसले आणि सगळं पुन्हा झालं. काकांची लाज वाचली.

आता काका ती कॅसेट बघू लागले. पडद्यावर फरशी हलत होती. चपला, बूट, खुर्च्यांचे पाय. आणि मग काळी वायर, आणि वायरीच्या मागे काकूंचे पाय. डाव्या सँडलचा पट्टा तुटलेला, पिनेनं अडकवलेला. चालत होत्या! थांबत होत्या, चवड्यावर उभ्या राहत होत्या. "दमलात का हो? पाणी आणू?" असं विचारत होत्या. काकांचा जीव नुसता कानात आणि डोळ्यांत आला.

मग कॅमेरा कुणीतरी टेबलावर ठेवला. काकांनीच. समोर रिकामी खुर्ची दिसत राहिली. इतक्यात उजव्या बाजूनं काकू आल्या, थेट कॅमेऱ्यासमोर. आयुष्यात पहिल्यांदाच. पण हातात लाइट होता, पेटलेला, आणि त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे. पडदा पांढराफटक झाला. त्या पांढऱ्यातून आवाज आला, "अगंबाई, हे चालूच आहे की!" आणि खटकन बटण दाबून काकूंनी ते बंद केलं. पुढे कॅसेट कोरी.

काकांनी ते एकेक चित्र पुढे सरकवत पाहिलं. मागे नेलं, परत पाहिलं. पांढऱ्यात एखादी कड दिसेल, हनुवटी, कानातलं. सबंध दुपार गेली. पांढऱ्यात पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

हार मानतील ते काका कसले! चेहरा नाही तर नाही, बाकी सगळं घालू, असं त्यांनी ठरवलं. तिन्ही फोटो घातले. मेहुणीला बसवून आठवणी बोलून घेतल्या. शेजारणींची मतं घेतली. स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून संसाराचं चऱ्हाट वळलं. पाऊण तासाचा ऐवज झाला. दातांच्या दवाखान्यात नोकरी करणारी त्यांची मुलगी डबा घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिला तो दाखवला. तिनं शेवटपर्यंत पाहिला, मधे दोनदा मोबाइल पाहिला.

"कसा झालाय?"

"रागावणार नसाल तर सांगते. बाबा, ही पण लग्नाची कॅसेटच झाली. सगळे आले. आईच नाही आली."

काका चिडले. "अगं, ती नाहीच आहे तर आणू कुठून? सगळं खोकं धुंडाळलं! हे बघ, हे असलं आहे सगळं. नजर चुकलेलं!" असं म्हणून त्यांनी एकेक कॅसेट लावून दाखवायला सुरुवात केली. एक म्हातारी ओठ घट्ट मिटून बसली होती. हळूच तिची नजर कॅमेऱ्यावरून सरकून उजवीकडे गेली आणि तोंडात दात नसल्याचं विसरून ती खुदकन हसली. एक पोरगा भोकाड पसरता पसरता थबकला, उजवीकडे बघून हसला. एक नवरी डोळे पुसत होती. तिनं उजवीकडे वर पाहिलं आणि रडता रडता हसली.

मुलगी जवळ सरकली. "बाबा, हे सगळे कुणाकडे बघतायत?"

काकांनी नवरी पुन्हा मागे नेली आणि तिची नजर गेली होती तिथे, स्वतःच्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागे पाहिलं. काखेत कळसा होता आणि त्यांनी गावभर वळसा घातला होता. हुंदका आला, तो त्यांनी मुलीसमोर दाबलाही नाही.

त्यानंतर काकांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. कापलं. मेहुणी गेली, शेजारणी गेल्या, फोटो गेले. स्वतःचं बोलणं कापताना फार जड गेलं, कारण त्यात एक-दोन वाक्यं झकास जमली होती. फ्रेमवाला मागे उभा राहून म्हणायचा, "अजून काढ. चौकट मोठी केली म्हणून चित्र मोठं होत नाही." एरवी काकांनी त्याला दुकानाबाहेर घालवला असता. पण आता त्यांना स्वतःलाच दिसत होतं. म्हातारीचं ते एक हसू नुसतं ठेवलं, की काकू खोलीत येत होत्या. त्याला शब्द जोडला, की निघून जात होत्या. लांबलचक सिनेमात माणसाला मरायलाही वीस मिनिटं लागतात. इथे एका नजरेत बाई जिवंत होत होती. शितावरून भाताची परीक्षा होते, हे आयुष्यभर ऐकलं होतं. काका मात्र दर वेळी अख्खं पातेलं उपसत बसले होते. शेवटी उरली चार मिनिटं आणि थोडीशी. आधी फरशी, वायर, तुटक्या पट्ट्याचे पाय. मग ती सगळी नापास माणसं, एकामागून एक, उजवीकडे बघून हसणारी. आणि शेवटी ते पांढरं.

रविवारी वाचनालयाच्या खोलीत पडदे ओढून अंधार केला. काका पहिल्या रांगेत भिंतीकडच्या खुर्चीवर बसले, शेजारी मुलगी. म्हातारीवर लोक हसले. पोरावर हसले. नवरीच्या वेळी कुणी हसलं नाही. मग पडदा पांढरा झाला आणि खोलीभर उजेड पडला. सवयीनं काकांनी मान वळवून माणसांचे चेहरे पाहिले. फ्रेमवाला, वाचनालयाच्या बाई, कुठली कुठली अनोळखी माणसं, आणि मुलगी. सगळे उजळून निघाले होते. डोळे किंचित बारीक करून त्या उजेडाकडे बघत होते, त्या लग्नांतल्या माणसांसारखेच. लाइट काकूंनी धरलेला होता.

"अगंबाई, हे चालूच आहे की!"

खटकन अंधार झाला.

"राहू द्यायचं होतंस गं चालू," काका म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. वाचनालयाच्या बाईंनी दिवे लावायला बटणावर हात ठेवला होता, तो त्यांनी तसाच ठेवला, आणि थोडा वेळ कुणीच दिवे लावले नाहीत.